सौर इन्व्हर्टर : आधीं प्रयोजन, मग किंमत

गेल्या महिन्यांत रायगड जिल्ह्यांतील एका सेवानिवृत्त शिक्षकांचें पत्र आम्हांस आलें. ते आणि त्यांच्या पत्नी असे दोघेंच गांवच्या घरीं राहतात. मुलगा परदेशीं नोकरीस आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्यांच्या किनाऱ्यावर आदळलें, विजेचे खांब आडवे झाले, आणि त्यानंतर कित्येक दिवस घरांत वीज नव्हती. बाईंना दम्याचा विकार. औषधाचा वाफारा देणारें नेब्युलायझर विजेवांचून चालेना. तेव्हांपासून मुलाचा आग्रह आहे कीं, छपरावर ‘सोलर’ बसवून टाकावें. तालुक्याच्या गांवीं एका विक्रेत्यानें तीन किलोवॅटचा संच सुचविला, सरकारी अनुदान मिळवून देण्याचें कबूल केलें, आणि आपला इन्व्हर्टर बाजारांत सर्वांत स्वस्त आहे असेंही सांगितलें. पत्राच्या शेवटीं प्रश्न असा कीं, हा स्वस्त इन्व्हर्टर घ्यावा, कीं चार पैसे अधिक टाकून नांवाजलेला घ्यावा?

प्रश्न सरळ दिसतो. परंतु त्याचें उत्तर किंमतींत नाहीं. विक्रेत्यानें सुचविलेला संच कितीही उत्तम कारखान्यांतला असला, तरी पुढच्या वादळांत बाईंचें यंत्र त्यावर क्षणभरही चालणार नाहीं. छपरावर लख्ख ऊन पडलेलें असेल, पॅनेलें नवीं कोरीं असतील, आणि घरांत मात्र मेणबत्ती शोधावी लागेल. हें वाचून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल, म्हणून थोडा खुलासा करणें अवश्य आहे.

‘इन्व्हर्टर’ हा शब्द आपल्या घरांत लोडशेडिंगच्या दिवसांत आला. जिन्याखालीं किंवा माजघराच्या कोपऱ्यांत एक बॅटरी, तिच्यावर एक पेटी, आणि वीज गेली कीं चालू राहणारे दोन पंखे. एवढा त्याचा अर्थ आपल्या मनांत घट्ट बसला आहे. सौर विजेच्या व्यापारांत मात्र हाच शब्द दुसऱ्याच एका यंत्रास लावतात. पॅनेलांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी असते. तिला घरांत चालणाऱ्या उलटसुलट प्रवाहाचें रूप देऊन कंपनीच्या विजेच्या तालांत ताल मिसळून चालविणें, हें त्या यंत्राचें काम. त्यास दुकानदार ‘ऑन-ग्रिड’ म्हणतात. त्यांत बॅटरी नसते. ताल धरण्यास कंपनीची वीज हवी. ती थांबली कीं हेंही थांबतें.

हें थांबणें म्हणजे यंत्राचा दोष नव्हे, तें त्याचें कर्तव्य आहे. वीज गेली म्हणून वायरमन खांबावर चढला, आणि तुमच्या छपरावरची वीज उलट तारेंत शिरली, तर त्याच्या जिवावर बेतावयाचें. सबब तार निर्जीव होतांच इन्व्हर्टरानें स्वतःस तोडून घेतलें पाहिजे, असा नियमच आहे, आणि त्याची परीक्षा कशी करावी हें सांगणारें आय. एस. १६१६९ हें भारतीय मानकही आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व आसपासच्या प्रदेशाची वीज एकाएकीं गेली. त्या वेळीं ज्यांच्या गच्चीवर बॅटरीवांचूनचे संच होते, त्यांचीं पॅनेलें उन्हांत नुसतीं तापत बसलीं असलीं पाहिजेत. दुसरें कांहीं होणें शक्यच नव्हतें.

मग विक्रेत्यानें आमच्या पत्रलेखकांस हा संच कां सुचविला? त्यास लबाडच म्हटलें पाहिजे असें नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या आणि २०२६-२७ पर्यंत मुदत असलेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,०००, म्हणजे एकूण जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठेविलेलें आहे, आणि तें विजेच्या जाळ्याशीं जोडलेल्या संचासच मिळतें. जाळ्यापासून अलग, बॅटरीवर चालणाऱ्या घरगुती संचास तें नाहीं. जेथें अनुदान तेथें गिऱ्हाईक, आणि जेथें गिऱ्हाईक तेथें विक्रेता, हा क्रम चालावयाचाच. परंतु गिऱ्हाइकानें आपण काय विकत घेतों आहों हें ओळखावयास नको काय?

ऑन-ग्रिड संच ज्यांचे दुखणें विजेचें बिल हें आहे, त्यांच्या कामाचा. पुणें किंवा नाशिक यांसारख्या शहरांत राहणारें, महिना तीनचारशें युनिट जाळणारें कुटुंब घ्या. महावितरणाच्या घरगुती दरांत १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढें असे टप्पे आहेत, आणि टप्प्यागणिक दर चढत जातो. छपरावरची वीज बिलांतून वजा होते ती वरच्या, म्हणजे महाग टप्प्यापासून. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें चार युनिट देतें. तीन किलोवॅट म्हणजे महिन्यास सुमारें ३६० युनिट. अशा कुटुंबास हा व्यवहार उत्तम. उलट, दोघां वृद्धांचें महिन्याचें बिल शंभर युनिटांच्या आंत असेल, तर त्यांनीं तीन किलोवॅट बसवून उरलेली वीज कोणास घालावयाची? वर्षाअखेर शिल्लक युनिटांचा जो हिशेब होतो, तो विक्रीचा धंदा म्हणून परवडण्यासारखा नव्हे.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर घेतांना काटकसर कोठें करावी, याविषयीं दोन शब्द. माहितीपत्रकांत ९७ टक्के आणि ९८ टक्के कार्यक्षमता यांवर फार भर दिलेला असतो. शंभर युनिटांत एका युनिटाचा तो फरक आहे, त्यासाठीं अधिक पैसे मोजूं नयेत. पुढें कधीं वाढवूं म्हणून दोन किलोवॅट पॅनेलांस पांच किलोवॅटचा इन्व्हर्टर घेणें हाही व्यर्थ खर्च; उलट तीन किलोवॅटच्या इन्व्हर्टरावर सवातीन किलोवॅटचीं पॅनेलें सुखानें चालतात, कारण तापलेलें पॅनेल आपली पूर्ण शक्ति क्वचितच देतें. पैसे वांचवूं नयेत ते अर्थिंगवर आणि विजेच्या लाटेपासून रक्षण करणाऱ्या पेटीवर. पॅनेलांचा, इन्व्हर्टराचा आणि वीजवाहक शलाकेचा असे अर्थिंगचे तीन खड्डे निरनिराळे हवेत; एकाच खड्ड्यांत तिन्ही तारा सोडणारा कारागीर दिसल्यास त्यास तेथेंच थांबवावें. इन्व्हर्टर सावलींत, वारा खेळेल अशा भिंतीवर लावावा, पत्र्याखालीं नव्हे. फार तापला म्हणजे तो आपलें उत्पादन आपणच कमी करतो. हमी किती वर्षांची यापेक्षां, बिघडलेली पेटी कोणत्या गांवीं पाठवावी लागेल आणि ती परत येईपर्यंत बदली पेटी मिळेल काय, हें लेखी घ्यावें.

आतां ज्यांस अंधारांत वीज हवी आहे त्यांच्याकडे वळूं. त्यांचा संच ‘ऑफ-ग्रिड’. पॅनेल, बॅटरी आणि आपल्या ओळखीचा जुना इन्व्हर्टर यांचा हा संसार. स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक येथेंच आहे, आणि फसगतही येथेंच अधिक होते.

पॅनेलाची वीज बॅटरींत भरणारा जो भाग इन्व्हर्टरांत असतो, तो दोन जातींचा. स्वस्त जातीस ‘पीडब्ल्यूएम’ म्हणतात, महाग जातीस ‘एमपीपीटी’. पहिली जात पॅनेलास सरळ बॅटरीशीं बांधून टाकते. त्यामुळें पॅनेलाचा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत खालीं ओढला जातो. शंभर वॅटचें लहान पॅनेल १८ व्होल्ट दाबावर साडेपांच अँपिअर देतें. बॅटरी १३ व्होल्टांवर असेल तर साडेपांच गुणिले तेरा, म्हणजे सुमारें ७१ वॅटच पदरीं पडतात. हा तोटा लहान संचांत सोसण्याजोगा आहे. परंतु हल्लीं बाजारांत दर वॅटामागें स्वस्त पडतें तें मोठें पॅनेल, पांचशें चाळीस वॅटांचें, आणि तें सुमारें ४१ व्होल्टांवर १३ अँपिअर देणारें असतें. हें स्वस्त पॅनेल आणि तो स्वस्त इन्व्हर्टर यांची गांठ घातली, तर तेरा गुणिले तेरा, १६९ वॅट! ५४० चे पैसे देऊन १६९ ची वीज. आणि उघड्या पॅनेलाचा ५० व्होल्टांच्या आसपासचा दाब न सोसून पेटी जळाली, तर तेवढेंही नाहीं. दोन स्वस्त वस्तूंची बेरीज महाग कशी होते, याचें इतकें स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

एमपीपीटी जातीचें यंत्र पॅनेलास त्याच्या सोयीच्या दाबावर चालवितें आणि मग तो दाब बॅटरीच्या मापाचा करून घेतें. म्हणून वरच्या पॅनेलाची बहुतेक सर्व वीज हातीं लागते. मात्र कांहीं पेट्यांवर ‘एमपीपीटी’ ही अक्षरें नुसतीं छापलेलीं असतात, आंत पीडब्ल्यूएमच. याची परीक्षा सोपी आहे. भर दुपारीं, बॅटरी पूर्ण भरलेली नसतांना, इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलाच्या तारांवर आणि बॅटरीच्या तारांवर मीटर लावून दाब पाहावा. दोन्हीकडे जवळजवळ तोच आंकडा आला तर पेटी परत करावी. दुकानदार अशा परीक्षेस तयार होत नसेल, तर परीक्षेपूर्वींच निकाल लागला असें समजावें.

दुसरा मुद्दा लाटेच्या आकाराचा. अगदीं स्वस्त इन्व्हर्टराची वीज चौकोनी लाटेची असते. तिच्यावर दिवे लागतात, पण पंखे घूं घूं करतात आणि मोटारी तापतात. नेब्युलायझरांत लहानशी मोटारच असते. ज्या घरांत असें यंत्र किंवा शीतकपाट चालवावयाचें, तेथें शुद्ध ‘साइन वेव्ह’ पाहिजे. या ठिकाणीं काटकसर करण्याचा सल्ला आम्ही कोणासच देणार नाहीं. पेटीवरील ‘व्हीए’ हा आंकडाही वॅट समजूं नये. ९०० व्हीएच्या पेटीचा पॉवर फॅक्टर ०.८ असला, तर ती ७२० वॅटांपर्यंतच ओझें उचलील.

तिसरी गोष्ट माहितीपत्रकांत बारीक अक्षरांतही सहसा सांपडत नाहीं. इन्व्हर्टर कांहीं काम न करतां नुसता जागा राहण्यासाठींही वीज खातो. ही भूक पंधरा वॅट असली, तर चोवीस तासांत ३६० वॅट-तास होतात. आणि शंभर वॅटचें पॅनेल दिवसभरांत देतें सुमारें ४०० वॅट-तास! म्हणजे एक अख्खें लहान पॅनेल त्या पेटीच्या पोटगीसच लावावें लागलें. छोट्या संचांत या आंकड्याचें महत्त्व कार्यक्षमतेच्या टक्क्यांहून कितीतरी अधिक आहे, म्हणून तो विचारल्यावांचून पेटी घेऊं नये.

घरीं जुना इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी असतील, त्यांनीं नवा सौर इन्व्हर्टर घेण्याचें कारण नाहीं. पॅनेल आणि मध्यें निराळा चार्ज कंट्रोलर एवढेंच जोडलें कीं काम भागतें. परंतु त्यांत एक गोम आहे. जुना इन्व्हर्टर कंपनीच्या विजेवर रात्रंदिवस बॅटरी भरीत असतो. सकाळीं ऊन येतें तेव्हां बॅटरी तुडुंब, आणि पॅनेलाच्या विजेस जागाच नाहीं. मग बिलही तेंच आणि पॅनेलही फुकट. अशांनीं दिवसां कंपनीच्या विजेनें होणारें भरणें बंद राहील अशी व्यवस्था करून घ्यावी. नव्या पेटींत हीच सोय ‘सोलर प्रायॉरिटी’ या नांवानें असते.

ऑन-ग्रिड आणि बॅटरी या दोहोंचा मेळ घालणारा ‘हायब्रिड’ इन्व्हर्टरही मिळतो. ज्यांचें बिल मोठें आहे आणि वीजही वारंवार जाते, त्यांस तो योग्य. किंमत अर्थात् त्या मानानें चढी. बेताच्या पैशांत घर सजविणाऱ्यांस आम्ही तो सुचविणार नाहीं.

त्यांनीं आधीं पंख्याच्या दुकानांत जावें. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो; बीएलडीसी जातीचा नवा पंखा सुमारें ३०. तीन जुने पंखे, नऊ वॅटांचे चार दिवे आणि इंटरनेटची पेटी मिळून २७१ वॅट होतात. तेच पंखे बदलल्यास १३६. ओझें निम्म्यावर आलें म्हणजे बॅटरी निम्मी पुरते, पॅनेल निम्मे लागतें. एका मोठ्या बॅटरीच्या पैशांत दोनतीन पंखे सहज येतात आणि ते बॅटरीच्या मागें उरतात, ही गोष्ट कोणताही इन्व्हर्टरवाला आपण होऊन सांगत नाहीं.

आमच्या पत्रलेखकांचा हिशेब याच रीतीनें मांडून पाहिला. दोन नवे पंखे, तीन दिवे आणि इंटरनेट मिळून सुमारें ९७ वॅट, सहा तास, ५८२ वॅट-तास. नेब्युलायझर दीडशें वॅटांचें धरून पंधरा मिनिटांप्रमाणें तीन वेळां, ११२. पेटीची स्वतःची भूक ३६०. एकूण साडेदहाशेंच्या आसपास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी नांवाला १८०० वॅट-तासांची. पण ती तळापर्यंत रिकामी करावयाची नसते, आणि इन्व्हर्टरांत कांहीं वीज वायां जाते, हें धरतां अकराशेंच्या सुमारास खऱ्या. म्हणजे ऊन मुळींच न पडलेल्या दिवशींही एक दिवस निभावतो. तीस अँपिअरचा एमपीपीटी असलेली, साइन वेव्हची एक बॅटरीवाली पेटी आणि चारशें वॅटांच्या आसपास पॅनेलें एवढें त्यांस पुरें. उघड्या दिवशीं पॅनेलें सोळाशें वॅट-तासांपर्यंत देतील. कोंकणच्या पावसाळ्यांत निम्मेही देणार नाहींत. त्या महिन्यांत कंपनीची वीज असेल तेव्हां तीच बॅटरी भरील, आणि वीज नसलेल्या दिवसांत एकच पंखा लावून, रात्रीं काम नसतांना पेटी बंद ठेवून, वाफाऱ्यापुरती वीज राखावी लागेल. हें आधींच सांगितलेलें बरें. या संचास अनुदान मिळणार नाहीं, तरीही त्यांनीं तो घ्यावा आणि तीन किलोवॅटचा विचार सोडून द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या दिवशीं श्वास अडतो त्या दिवशीं अनुदान उपयोगी पडत नाहीं.

बॅटरी घेतांना तिच्यावर ‘सी-१०’ आहे कीं ‘सी-२०’ हें पाहावें. १५० अँपिअर-तास हा आंकडा बॅटरी दहा तासांत रिकामी करून काढला कीं वीस तासांत, एवढाच त्याचा अर्थ. वीस तासांच्या हिशेबानें १५० भरणारी बॅटरी दहा तासांत रिकामी केली तर तितकी भरत नाहीं. सौर संचासाठीं सी-१० घ्यावी, आणि दोन दुकानांतल्या किंमती पडताळतांना आंकड्याबरोबर हीं अक्षरेंही पडताळावीं.

वादळाच्या प्रदेशांत पॅनेलें कौलांवर नुसतीं टेकवून चालत नाहींत. त्यांची चौकट खालच्या लांकडी वाशांस किंवा भिंतीस बोल्टांनीं बांधलेली हवी, आणि हें काम पावसाळ्यापूर्वीं, चैत्र-वैशाखांतच करून घ्यावें. मृगाच्या तोंडावर कारागीर मिळत नाहींत. आंब्या-माडाची सावली दुपारीं कोठपर्यंत येते हें पाहून जागा ठरवावी. एका झावळीची सावलीही सबंध पॅनेलाचें उत्पादन पुष्कळ खालीं आणते.

बॅटरीचें ठिकाण हा घरच्या गृहिणीचा प्रश्न आहे आणि तो पुरुषांनीं परस्पर सोडवूं नये. बहुतेक घरांत ती देवघराच्या भिंतीशीं किंवा स्वयंपाकघराच्या दाराआड सरकवितात, कारण तेथें अडचण होत नाहीं. परंतु शिसें आणि आम्ल यांची बॅटरी भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो, आणि तो ज्वालाग्राही आहे. समई, शेगडी आणि उदबत्ती यांपासून ती दूर, वाऱ्याच्या जागीं, पडवींत किंवा खिडकीखालीं असावी. आणि तिच्यांत महिना दोन महिन्यांनीं पाण्याची खूण पाहून शुद्ध केलेलें, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच घालावें, विहिरीचें किंवा नळाचें नव्हे.